सगळं नेहमीप्रमाणे

कामिनोसावा या अकरा घरांच्या वस्तीला निसर्ग म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, आणि ते शिकवायला तोक्योहून एक बाई आल्या होत्या.

बाईंचं नाव कुरोसे मिओरी. वय चौतीस, अंगात इस्त्री न केलेला लिननचा झगा, हातात सदैव वही. डोंगर-कला महोत्सवासाठी नगर कार्यालयानं त्यांना ही वस्ती नेमून दिली होती. ‘माणूस आणि निसर्ग यांच्यातलं तुटलेलं नातं पुन्हा जोडणे’ असं त्यांच्या कामाचं वर्णन पत्रकात छापलं होतं. वस्तीत सत्तरीच्या आतलं माणूस शोधून सापडायचं नाही. त्यातल्या निम्म्यांच्या मागे कधी ना कधी अस्वल लागलेलं, उरलेल्यांच्या मागे रानडुक्कर. नातं तुटलंय हे त्यांना पत्रक वाचून कळलं.

शहात्तर वर्षांची मासुए पहिल्या कार्यशाळेला गेली ती वस्तीप्रमुख गेन्झो दारात येऊन उभा राहिला म्हणून. गेन्झो तिच्या गेलेल्या नवऱ्याचा दोस्त. त्याला नाही म्हणणं जड जायचं.

“वहिनी, नगर कार्यालयवाले डोकी मोजणार आहेत,” तो म्हणाला. “तुम्ही नुसत्या बसून राहा.”

पण बसायचं नव्हतंच, झोपायचं होतं. देवळामागच्या उतारावर सगळ्यांनी पालथं पडायचं, कान जमिनीला लावायचा आणि पाव तास धरतीचं ऐकायचं. मिओरीबाई अनवाणी पायांनी सगळ्यांमधून फिरत हळू आवाजात सांगत होत्या, “मातीला तुमच्याशी काहीतरी बोलायचंय. तिला बोलू द्या.” मासुएनं साठ वर्षं मातीत काढली होती. मातीला बोलायचंच होतं तर तिनं इतकी वर्षं तोंड का शिवून घेतलं होतं, हे तिला समजेना. शेजारच्या फुकुचा नवरा तोराकिची दुसऱ्याच मिनिटाला घोरायला लागला. बाईंनी लगबगीनं यंत्र काढून ते घोरणं टिपून घेतलं. पाव तास संपला, पण सगळ्यांना उठवून उभं करायलाच अर्धा तास लागला.

“काय म्हणाली गं माती?” घरी जाताना फुकुनं विचारलं.

“म्हणाली, लवकरच भेटू.”

दुसऱ्या कार्यशाळेत एक रोपटं निवडायचं आणि त्याला पत्र लिहायचं होतं. लोकांनी कोबीला लिहिलं, मुळ्याला लिहिलं, गेन्झोनं आपल्या पर्सिमनच्या झाडाला दोन ओळींचं सरकारी छापाचं पत्र लिहिलं. मासुएनं पेन्सिल चावत चावत तणाला लिहिलं : ‘माझा नवरा गेल्यावर तू आलंस. तुला कुणी बोलावलं नव्हतं. आता जा.’

बाईंनी ते वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, “केवढा संवाद आहे हा.” मासुएला कळेना की यात संवाद कुठे आहे. तण तर काही बोललंच नव्हतं. पण बाईंनी पत्र वहीत ठेवलं आणि हे तण कुठलं म्हणून विचारलं. इथे खरी पंचाईत झाली.

कारण ते तण मासुएच्या जिवाला लागलेलं होतं. तीन वर्षांपूर्वी ताकेजी गेला. त्यानंतर वरची दोन भातखाचरं गेन्झोच्या पुतण्यानं कसायला घेतली. खालचं एक खाचर, बसथांब्याच्या अगदी खाली, तेवढं वेडंवाकडं म्हणून कुणी घेतलं नाही. पहिल्या उन्हाळ्यात मासुएनं ते एकटीनं कापलं. दुसऱ्या उन्हाळ्यात गुडघ्यानं संप पुकारला आणि गवत कमरेपर्यंत आलं. तिसऱ्या वर्षी कुझूच्या वेलींनी बांध गिळला, सुसुकी गवताचे झुपके डोक्याच्या वर गेले. बसमधून उतरणाऱ्या माणसाला पहिलं दर्शन त्याचंच. वस्तीत कुणी एका शब्दानं काही म्हणालं नाही, आणि त्याचाच तिला जास्त त्रास व्हायचा. लोक तिच्याशी हवापाण्याचं बोलायचे आणि खाचराकडे पाठ करून उभे राहायचे.

सांगायला सोपं आहे की शेजाऱ्यांना हाक मारायची. पण कामिनोसावात आपलं रान दुसऱ्याला कापून द्या म्हणणं म्हणजे त्याच्या दारी हात पसरणं. आणि मी कापून देऊ का असं विचारणं म्हणजे तुला आता झेपत नाही असं तोंडावर सांगणं. मासुए विचारत नव्हती, गेन्झो म्हणत नव्हता, आणि या सभ्यपणात तण मात्र मजेत वाढत होतं.

मिओरीबाईंनी ते खाचर पाहिलं आणि त्या रस्त्यातच थबकल्या.

“आजी,” त्या म्हणाल्या, “इथे माणूस मागे सरलाय आणि निसर्ग परत आलाय. हे असंच्या असं प्रदर्शनात ठेवायचं. एकाही काडीला हात लागता कामा नये. चालेल ना?”

मासुएला नातवंडं नव्हती, त्यामुळे आजी म्हटलेलं तिला कानाला टोचायचं. त्याहून जास्त टोचलं ते पुढचं. माणूस काही मागे सरला नव्हता. माणसाचा गुडघा गेला होता. ती खाली बघत म्हणाली, “ते जरा अवघड दिसतंय.”

या देशात कुणीही कुणालाही असं म्हणालं की त्याचा अर्थ स्वच्छ ‘नाही’ असा होतो. तोक्योतसुद्धा तोच होतो. पण कलाकारांना अवघड या शब्दानं हुरूप येतो.

“अवघड असलं म्हणून काय झालं,” बाई म्हणाल्या. “आपण मिळून करू.”

आठवड्यात बसथांब्याजवळ पाटी लागली. ‘प्रदर्शन क्रमांक सात. हस्तक्षेपाविना. कलाकार : कुरोसे मिओरी. जमीन : होरिगोमे मासुए.’ दोरी बांधायला गेन्झो तयार होता, पण बाई म्हणाल्या की कुंपण ही हिंसा आहे. मासुएनं स्वतःचं नाव असं छापील अक्षरांत यापूर्वी फक्त ताकेजीच्या अंत्यविधीच्या पत्रात पाहिलं होतं. आता तिच्या आळशीपणावर तिच्या नावाची पाटी लागली होती, आणि ती बघायला लांबलांबून माणसं येणार होती.

तेवढ्यावर भागलं असतं तरी तिनं सोसलं असतं. पण स्थानिक वर्तमानपत्रात खाचराचा फोटो आला, तो कुणीतरी नागोयाला पाठवला, आणि एका सकाळी फोन वाजला.

“हात्सुयो बोलतेय. बसथांब्याखालचं आपलंच खाचर ना ते, पेपरातलं?”

“हो वन्सं.”

“केवढं वाढलंय गं गवत.”

मासुए फोनसमोरच वाकली.

“उद्घाटनाला येते मी,” हात्सुयोवन्सं म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मासुए फोनपाशीच बसली. हात्सुयो ताकेजीची थोरली बहीण, चौऱ्याऐंशी वर्षांची, कमी बोलणारी बाई. ती याच घरात जन्मली, अठराव्या वर्षी नागोयाच्या सूतगिरणीत गेली ती तिकडचीच झाली. पूर्वी ओबोनला, ऑगस्टातल्या पितरांच्या सणाला, यायची, नमस्कार करायची आणि मग एकटीच बांधाबांधानं फिरून यायची. मासुएच्या लग्नानंतरच्या तिसऱ्या ओबोनला ती अशीच फिरून आली, आणि निघून गेल्यावर मासुएला ओट्यावर तणाची एक काडी सापडली. एकच काडी, मुळांसकट उपटून नीट आडवी ठेवलेली. त्याला पन्नास वर्षं होत आली. बोलली असती तर उलट बोलता आलं असतं, पण काडीशी काय भांडणार? तेव्हापासून ओबोनच्या आधी मासुए बांध असा खरवडून काढायची की ताकेजी म्हणायचा, अगं, माती तरी ठेव. एका काडीनं जी नणंद एवढं सुनावून गेली, ती आता एवढं रान बघायला येणार होती.

उद्घाटन रविवारी होतं. त्याच्या दहा दिवस आधी मिओरीबाईंनी गेन्झोकडे वस्तीला द्यायचा निरोप लिहून दिला. दोन पानं होती. त्यांचं सार असं : ‘पाहुण्यांसाठी वेगळं, खोटं, सजवलेलं काही नको. वस्तीचा जो सहज श्वास आहे तोच राहू द्या. सगळं नेहमीप्रमाणे असू द्या.’ आता वस्तीत निरोप जातो तो फिरत्या पाटीवरून. एका घरानं वाचायची, आपला शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी पोचवायची. पाटीवर जागा केवढी? गेन्झोनं दोन पानं तीनदा वाचली, त्यातलं कामाचं तेवढं उचललं आणि लिहिलं : ‘पुढच्या रविवारी पाहुणे. सगळं नेहमीप्रमाणे.’

पाटी गेन्झोच्या घरून निघाली की दुसरं घर मासुएचं. तिनं चष्मा लावून वाचलं आणि तिच्या लक्षात आलं.

बाईंच्या तोंडी ‘नेहमीप्रमाणे’ म्हणजे काही करू नका. वस्तीच्या वहिवाटीत ‘पाहुणे आणि नेहमीप्रमाणे’ म्हणजे आधीच्या रविवारी पहाटे पाच वाजता प्रत्येक घरातून निदान एक माणूस, मशीन आणि विळा घेऊन, रस्त्याकडेचं सगळं गवत कापायचं. पाहुण्याला गवत दाखवायचं ही कल्पनाच इथे कुणाच्या डोक्यात येत नाही. राज्यपाल आले तेव्हा कापलं, टपालपेटी बदलायला माणूस आला तेव्हाही कापलं. मासुएनं एकदा फोनकडे पाहिलं. गेन्झोला फोन करून सांगायला मिनिटभर पुरलं असतं. तिनं शिक्का शाईत बुडवला आणि मारला, जरा जोरातच. मग चप्पल घालून पाटी फुकुकडे देऊन आली.

त्या शनिवारी मिओरीबाई सामान आणायला तोक्योला गेल्या. रविवारी पाचला अकराही घरांतून माणसं आली. रस्त्याच्या दोन्ही कडा झाल्या, पाटाचे काठ झाले, देवळाची पायवाट झाली. साडेसहाला सगळे बसथांब्यापाशी आले आणि मशीनं एकेक करून बंद झाली. गेन्झोनं टोपी काढली. बुटांकडे बघत म्हणाला, “वहिनी.”

“काय भावजी?”

“नकाशात ही जागा प्रदर्शन क्रमांक सात म्हणून दाखवलीय. म्हणजे आता ही एका घराची नाही म्हणायची. सगळ्यांची झाली.”

“तसंच म्हणायचं.”

“मग इथेही... नेहमीप्रमाणे?”

तो आता वर बघत होता. तीन वर्षं हा माणूस हे विचारायला टेकला होता हे मासुएला त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि तिला त्याचा राग आला आणि भरूनही आलं. एकाही काडीला हात लागता कामा नये, हे बाईंनी सांगितलेलं वाक्य तिला शब्दन् शब्द आठवत होतं. इतरांनी त्या वेळी माना डोलवल्या होत्या, पण ते बाईंच्या प्रत्येकच वाक्याला डोलवायचे.

“नेहमीप्रमाणे,” मासुए म्हणाली.

सात मशीनं एकदम सुरू झाली. कुझूच्या वेली पात्यांना गुंडाळल्या जात होत्या, तोराकिची शिव्या देत त्या सोडवत होता. फुकु आणि बाकीच्या बायका विळे घेऊन बांधाला भिडल्या. मासुए गुडघा सांभाळत दाताळ्यानं गवत ओढत राहिली. तासाभरात बांधाचे दगड दिसायला लागले. पाणी सोडायच्या तोंडाशी ताकेजीनं बसवलेला चपटा दगड होता, तोही दिसला. मासुएला रडू आलं ते तिनं घामात खपवलं. सगळं झाल्यावर बसथांब्यावर बसून सगळ्यांनी भाताचे गोळे खाल्ले, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा लोक खाचराकडे तोंड करून बसले. ती इतकी सुखी कितीतरी दिवसांत झाली नव्हती.

नऊच्या बसनं मिओरीबाई उतरल्या. त्यांनी खाचराकडे पाहिलं. मग हातातलं सामान खाली ठेवलं आणि त्या रस्त्यातच बसल्या.

“ऊन लागलं वाटतं बाईंना,” फुकु म्हणाली आणि जवाचा गार चहा घेऊन धावली.

“हे कुणी केलं?” बाईंनी विचारलं.

गेन्झोला वाटलं, आभार मानायला नावं विचारतायत. तो संकोचून म्हणाला, “कुणा एकाचं नाही. सगळ्यांनीच थोडा थोडा हात लावला.”

“पण मी लिहिलं होतं ना, सगळं नेहमीप्रमाणे असू द्या म्हणून.”

“हो तर. नेहमीप्रमाणेच. पाच वाजता.”

बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा कुठे एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडत गेला. गेन्झो कमरेत वाकला तो वर येईचना. त्याचं बघून बाकीचेही वाकले. मासुए सगळ्यांत जास्त वाकली. बाईही उठून वाकल्या, निरोप नीट लिहिला नाही ही चूक आपलीच म्हणाल्या. गेन्झो म्हणाला छे छे, चूक पाटीची. कोण जास्त चुकलं याची चढाओढ दुपारपर्यंत चालली. मग आठवडाभर वस्तीनं क्षमा म्हणून बाईंच्या दारात काकड्या ठेवल्या. रोज अकरा घरांच्या काकड्या. बाईंनी त्या खाल्ल्या, लोणच्यात घातल्या, शेवटी चेहऱ्यावरसुद्धा लावल्या. रोज सकाळी सगळ्यांत जड पिशवी मासुएची असायची.

महोत्सववाल्यांना कळवलं तेव्हा ते घाबरले नाहीत. उलट त्यांनी बाईंना धीर दिला आणि पाटीवर चिकटवायला नवी पट्टी पाठवली. ‘हस्तक्षेपाविना’च्या जागी आता ‘हस्तक्षेपानंतर’ झालं. पत्रकातला तुटलेल्या नात्याचा मजकूर बदलावा लागला नाही. तो दोन्हीला चालत होता.

उद्घाटनाच्या दिवशी माणसं आली ती मोठमोठ्या टोप्या घालून. नगर कार्यालयाच्या साहेबांनी भाषण केलं. जुन्या शाळेच्या अंधाऱ्या वर्गात ‘धरतीचा श्वास’ लावला होता. पाहुणे डोळे मिटून तो ऐकत होते आणि फुकु दारात उभी राहून म्हणत होती, “याच्यासाठी मी चोपन्न वर्षं कानात कापूस घालून झोपले.” मासुएचं पत्र काचेखाली होतं. एका टोपीवाल्या बाईनं तिला गाठून विचारलं, “आजी, तुम्ही खरंच तणाशी बोलता?”

“रोज.”

“काय म्हणता?”

“मर म्हणते.”

टोपीवाल्या बाई हसल्या आणि त्यांनी ते लिहून घेतलं. मासुएचं लक्ष नव्हतं. ती बसथांब्याकडे बघत होती.

साडेअकराच्या बसमधून हात्सुयोवन्सं उतरल्या. पाठ वाकलेली, हातात काठी, डोक्याला पांढरा रुमाल. मासुए पुढे झाली, वाकली, त्यांच्या हातातली पिशवी घेतली. वन्संनी तिच्याकडे मान हलवली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन खाली पाहिलं. खाचर डोळ्यांत भरेल असं स्वच्छ होतं. आठवड्यात फुटलेले बोटभर कोंब सोडले तर काडी म्हणून नव्हती. मासुए अर्धं पाऊल मागे उभी राहिली. एकदा मान डोलवू दे, तिच्या मनात आलं, फक्त एकदा.

वन्सं बराच वेळ बघत राहिल्या. मग वळल्या.

“हे काय केलंस?” त्या म्हणाल्या.

“काय राहिलं का वन्सं? कोपरा...”

“गवत कुठंय?”

मासुएला वाटलं ऐकण्यात चूक होतेय. “कापलं,” ती म्हणाली. “मागच्याच रविवारी. तुम्ही येणार म्हणून.”

“अगं, मी ते गवत बघायला आले.”

शेजारी मिओरीबाई पाहुण्यांना काहीतरी समजावत होत्या, त्या थांबल्या. वन्सं थांब्याच्या बाकावर बसल्या. प्रवासानं दमल्या होत्या आणि रागावल्याही होत्या, लहान पोरीसारख्या.

“सातव्या वर्षापासून मी या खाचरात रांगलेय,” त्या म्हणाल्या. “गुडघ्यावर. भाताची पाती डोळ्यांत जायची. मागून आबा यायचे, एक काडी राहिली तर पुन्हा पहिल्यापासून. मी उपटायची आणि ते उगवायचं. लोकांना वाटलं मी शहराच्या नादानं गेले. गिरणीत उभं राहून काम करायला मिळतं म्हणून गेले मी.” त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. “पेपरात फोटो बघितला. डोक्याच्या वर गेलं होतं गवत. म्हटलं, जिंकलं बाई शेवटी. मरायच्या आधी एकदा बघून यावं.”

मासुएच्या तोंडून एकदम बाहेर पडलं, “मग ती काडी का ठेवलीत माझ्या ओट्यावर?”

“कुठली काडी?”

“माझ्या तिसऱ्या ओबोनला. मुळांसकट.”

वन्संनी डोळे बारीक केले. आठवायला त्यांना वेळ लागला. “ती होय? नादेशिको होती ती, गुलाबी रानफूल. दगडांच्या फटीत एकटीच आली होती, फुलायची होती अजून. नागोयाला कुंडीत लावणार होते. बसच्या घाईत राहिली तिथेच.” मग त्यांनी मासुएकडे नीट पाहिलं. “का गं? तुला काय वाटलं?”

मासुएनं काय वाटलं ते सांगितलं. पन्नास वर्षांचं सांगायला दोन मिनिटं लागली. तण दिसू नये म्हणून आपणच कापायला सांगितलं, बाईंचा निरोप आपल्याला कळला होता, हेही तिनं सांगून टाकलं. मिओरीबाई मागेच उभ्या होत्या. मासुए त्यांच्याकडे वळून वाकली.

“म्हणजे तुम्हाला त्या तणाची लाज वाटत होती?” बाई म्हणाल्या. “आणि मी त्यावर तुमच्या नावाची पाटी लावली.”

“हो.”

बाईंचा हात आपोआप वहीकडे गेला.

“बाई,” हात्सुयोवन्सं म्हणाल्या, “वही राहू द्या.”

बाईंनी वही मिटली. त्या नुसत्या बाकावर वन्संच्या शेजारी बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “पुन्हा किती दिवसांत वाढेल हो?”

“या दिवसांत?” मासुए म्हणाली. तिला हे विचारणारं कुणी भेटलं नव्हतं, पण उत्तर तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. “पंधरा दिवसांत गुडघ्याला लागेल. ओबोनपर्यंत कमरेला.”

दोन दिवसांसाठी आलेल्या हात्सुयोवन्सं मग राहिल्याच. गेन्झोनं पाटी फिरवली : ‘बसथांब्याखालच्या खाचराला कुणीही हात लावू नये. हे नेहमीप्रमाणे नाही.’ अकरा घरांनी शिक्के मारले, पण पाळणं जड गेलं. तोराकिची तिथून जाताना मान पलीकडे वळवून जायचा. फुकुनं एकदा कुझूचा एक वेल खुडला आणि संध्याकाळी येऊन कबुली दिली. प्रदर्शन बघायला येणारे पाहुणे गवतापेक्षा बांधावर खोकी टाकून बसलेल्या दोन म्हाताऱ्यांचेच फोटो काढायचे. क्रमांक सातमध्ये आपलाही समावेश आहे की नाही हे मासुएनं बाईंना विचारलं नाही.

सतराव्या दिवशी दुपारी दोघी अशाच बसल्या होत्या. गवत मांडीला लागलं होतं, वाऱ्यानं हलत होतं. वन्सं त्याच्याकडे बघत कलिंगड खात होत्या आणि बिया थेट खाचरात टाकत होत्या. मासुएची नजर पायाशी गेली. ताकेजीच्या चपट्या दगडाजवळ, फटीतून एक बारीक काडी वर आली होती. तिचा हात काही न विचारता खाली गेला आणि दोन बोटांनी काडी बुडाशी धरली.

वन्संनी फाटकन तिच्या मनगटावर चापट मारली.

“तीच आहे ती,” त्या म्हणाल्या.

मासुएनं हात मागे घेतला. थोड्या वेळानं दुसरा हात निघाला. तो वन्संनी वाटेतच धरला, आणि मग सोडला नाही.